कमांड येते, आता रीत शिकवा

महाराष्ट्रातल्या संगणक वर्गांत शिकवणाऱ्या सर्व सर-मॅडमना,



मी आरेखक आहे. आयटीआयमधून स्थापत्य आरेखकाचा ट्रेड केला, बेळगावहून बेंगळुरूला आलो, ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगच्या पेनांवर हात बसवला, पुढे ऑटोकॅडवर आलो. आता इंदिरानगरमध्ये राहतो आणि इथल्याच आर्किटेक्टांच्या कार्यालयांत नव्या मुलामुलींना हे सॉफ्टवेअर वापरायला शिकवतो. माझ्याकडे येणारी कितीतरी मुलं आधी तुमच्या हाताखालून गेलेली असतात, म्हणून हे पत्र तुम्हाला. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सकाळी उतरतात. कुणी मिरजेचं, कुणी तासगावचं, कुणी कागलचं. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आयटीआयचं प्रमाणपत्र, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र, शिवाय गावातल्या क्लासचं कॅडचं. मुलं कष्टाळू असतात, शिकवलेलं विसरत नाहीत, कमांड त्यांना पाठ असतात. तरीही पहिले काही महिने ती रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत कार्यालयात अडकतात, आणि ज्या कामासाठी अडकतात ते पुष्कळदा अर्ध्या तासाचं असतं.

इंदिरानगर म्हटलं की हल्ली शंभर फुटी रस्त्यावरची हॉटेलं आणि नव्या कंपन्या डोळ्यांसमोर येतात. आमच्या लेखी मात्र ही पाडून पुन्हा बांधण्याची वस्ती आहे. निवृत्त लष्करी अधिकारी, एचएएलमधली माणसं अशांनी इथे बंगले बांधले होते. २०११ च्या ऑक्टोबरात इथल्या सीएमएच रोडवरून मेट्रो धावू लागली, जमिनीचे भाव चढत गेले आणि एकेका बंगल्याच्या जागी चार मजले उभे राहू लागले. अशा कामात नकाशा एकदा काढून भागत नाही. मालकाचा मुलगा परदेशातून फोन करतो, त्याला स्वयंपाकघर पूर्वेला हवं असतं. महापालिकेकडून शेरा येतो. लिफ्टवाला खड्ड्याचं माप बदलून देतो. काढायला चार दिवस लागलेला नकाशा पुढे सहा महिने बदलत राहतो. आमच्या धंद्यात पगार खरा त्या बदलांचा मिळतो.

एका कार्यालयात घडलेला प्रसंग सांगतो. चार मजल्यांची इमारत. दुपारी चारला निरोप आला, की झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या चार फुटांऐवजी पाच फुटांच्या करायच्या. तासगावकडचा एक मुलगा कामाला बसला. पहिल्या मजल्याचा प्लॅन उघडला, खिडकीच्या रेषा पुसल्या, भिंत कापली, नव्या रेषा मारल्या. मग दुसरी खिडकी. मग दुसरा मजला. मग समोरचं एलेव्हेशन, मागचं एलेव्हेशन, मग सेक्शन. शेवटी दारं-खिडक्यांचा तक्ता, तोही हाताने टाईप करून. हात एवढा सफाईदार की बघत राहावं. एकही रेषा तिरकी नाही. रात्री नकाशा छापून गेला आणि दोन दिवसांनी साइटवरून फोन आला, की तिसऱ्या मजल्याच्या मागच्या बाजूची एक खिडकी प्लॅनमध्ये चारच फुटांची आहे, तक्त्यात मात्र पाच. गवंड्याने कशावर विश्वास ठेवायचा?

मी त्या मुलाला विचारलं, खिडकीचा ब्लॉक का नाही केला? ब्लॉक म्हणजे एखादी आकृती एकदाच नीट काढून तिला नाव द्यायचं आणि हवी तिथे ती बसवत जायचं. मूळ आकृती बदलली की बसवलेल्या सगळ्या जागी ती आपोआप बदलते. तो म्हणाला, ‘‘सर, ब्लॉक येतो मला.’’ आणि लगेच माझ्यासमोर करून दाखवला; कमांड बरोबर, क्रम बरोबर. मग म्हणाला, ‘‘क्लासमध्ये खुर्चीचा ब्लॉक करून घेतला होता.’’

हे पत्र त्या एका वाक्यापायी लिहितोय. त्याला कमांड येत होती, पण त्याच्या डोक्यात ती खुर्चीची कमांड होती. खिडकी ही वारंवार येणारी आणि उद्या बदलणारी वस्तू आहे, म्हणून ती पहिल्याच दिवशी ब्लॉक करून ठेवायला हवी, हा विचार त्याला कुणी दिलाच नव्हता. मेनूत कुठलं बटण कुठे आहे हे एक शिक्षण. हातात आलेलं काम बघून, यातलं काय यंत्रावर सोपवायचं आणि त्यासाठी सुरुवात कशी करायची, हे वेगळं शिक्षण. पहिल्याला मी कमांड म्हणतो, दुसऱ्याला रीत.

असं वाटतं, की मुलं वापरता वापरता रीत आपोआप शिकतील. माझा अनुभव तसा नाही, आणि ज्यांनी हे पद्धतशीर तपासलं त्यांचाही नाही. सुरेश भवनानी आणि बॉनी जॉन या संशोधकांनी नव्वदच्या दशकात कॅडवर काम करणाऱ्या आर्किटेक्टांचं बारकाईने निरीक्षण केलं. माणसं नवखी नव्हती, रोज त्याच सॉफ्टवेअरवर बसणारी होती. छताच्या नकाशात पॅनेलच्या रेषा वातानुकूलनाच्या झरोक्यांवरून जात होत्या, त्या साफ करायच्या होत्या. एका व्यक्तीने एकेका झरोक्यापाशी जाऊन एकेक रेषा कापली. त्या सॉफ्टवेअरमध्ये भोवती कुंपण घालून पुष्कळ रेषांवर एकदम काम करायची सोय होती. २००० साली त्यांचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. कमांड माहीत असणं आणि कित्येक वर्षांचा सराव असणं, या दोन्हींतून कामाची चांगली रीत येतेच असं नाही, हे त्यांनी त्यात मांडलं. वाचताना मला आमच्या खिडक्या दिसत होत्या.

असं का होतं? आयबीएमच्या संशोधन केंद्रातल्या जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये दोन कारणं सांगितली होती. माणसाला काम उरकायचं असतं. नवी पद्धत शिकायला थांबलं तर आजचं काम मागे पडतं, म्हणून तो जुन्याच मार्गाने जातो. दुसरं, नवं यंत्र समजून घेताना तो जुन्या हत्याराचा आधार घेतो, आणि जुन्या हत्याराच्या मर्यादाही सोबत आणतो. आम्ही ट्रेसिंगवर चुकलेली शाईची रेघ ब्लेडने खरवडायचो. तिथे एक खिडकी बदलली म्हणून दुसरी बदलेल, ही कल्पनाच शक्य नव्हती. कॅडवर बसलेला माणूस माऊसने तेच खरवडणं करत राहतो. टंकलेखन यंत्रावर शिकलेले बाबू वर्डमध्ये नवं पान हवं असलं की एन्टर दाबत खाली जातात. दुकानातला मुनीम कॅल्क्युलेटरवर बेरीज करतो आणि उत्तर एक्सेलच्या चौकटीत टाईप करतो. हसण्याची गोष्ट नाही. काम झालेलं असतं, आकडाही बरोबर असतो. एका नोंदीत दुरुस्ती झाली की मात्र खालची बेरीज खोटी होते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

खरं तर ही यंत्रं जन्मालाच आली ती ‘उद्या बदललं तर?’ या प्रश्नातून. आयव्हन सदरलँडने १९६३ मध्ये एमआयटीत आपल्या प्रबंधासाठी स्केचपॅड तयार केलं. पडद्यावर पेनने रेषा काढायच्या अगदी सुरुवातीच्या सॉफ्टवेअरांपैकी ते एक, आणि त्यातच मूळ आकृती व तिच्या प्रती ही सोय होती. मूळ बदला, सगळ्या प्रती बदलतात. साठ वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क बाजारात आणलं. ब्रिकलिन हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत होता. फळ्यावर मांडलेल्या हिशोबात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे त्याला खुपलं आणि त्यातून स्प्रेडशीट आली. एका जागी केलेला बदल पुढे आपसूक पोचावा, हाच तिचा प्राण. तो प्राण बाजूला ठेवून आपण मुलांना सेलला रंग कसा द्यायचा ते आधी शिकवतो.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. यंत्राने आपलं काम करावं असं वाटत असेल, तर त्याला वस्तू काय आहे ते सांगावं लागतं. नुसती दिसायला बरोबर करून भागत नाही. चार रेषा मारल्या की पडद्यावर खिडकी दिसते, पण यंत्राच्या लेखी त्या चार रेषाच असतात. ब्लॉक करून नाव दिलं की ती खिडकी होते. मग यंत्र ती मोजू शकतं, बदलू शकतं, तिचा तक्ताही काढून देऊ शकतं. वर्डमध्ये ओळ ठळक आणि मोठी केली की शीर्षक दिसतं. यंत्राला ते शीर्षक वाटावं म्हणून हेडिंगची स्टाईल लावावी लागते. मग अनुक्रमणिका ते स्वतः बनवतं आणि पानं सरकली तर एकदा सांगितलं की आकडेही सुधारतं. ऑटोकॅडमध्ये तर एक घातक सवय आहे. भिंत प्रत्यक्षात ८८० मिलिमीटर अंतरावर आहे, हवी ९००. भिंत सरकवायचा कंटाळा येतो, म्हणून मापाच्या आकड्यावर क्लिक करून ९०० असं टाईप करतात. कागदावर सगळं ठीक. पुढे त्या नकाशावरून फर्निचरवाला माप घेतो आणि कपाट आत जात नाही. मी ही एक गोष्ट पहिल्या तासाला बंद करायला लावतो.

आपल्या मराठीच्या बाबतीत तर याची किंमत फार मोठी आहे. जुन्या फॉन्टांमध्ये, मग तो शिवाजी असो की कृतिदेव, कागदावर सुरेख मराठी उमटायचं, पण यंत्राच्या आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असायचे. त्या नोंदींत ‘पाटील’ शोधा, सापडत नाही. यादी अकारविल्हे लावा, लागत नाही. फाइल दुसऱ्या संगणकावर न्या, तिथे तो फॉन्ट नसला तर नुसती अगम्य अक्षरं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, तिच्यात देवनागरी होती. युनिकोडमध्ये टाईप केलेला ‘अ’ हा यंत्राच्या लेखीही ‘अ’च असतो. आजही जुन्या फॉन्टातल्या याद्या माझ्याकडे येतात, आणि कुणीतरी बसून त्या पुन्हा टाईप करतं. मूळ यादी टाईप करणाऱ्याचा वेग उत्तम असतो. त्याला हा फरक कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवा होता.

तुम्ही म्हणाल, बोलणं सोपं आहे. मला तुमच्या अडचणी कळतात. बॅच दीड-दोन तासांची, मागे दुसरी बॅच दारात उभी, दोन मुलांत एक संगणक, मध्येच वीज जाते. पालकांना प्रमाणपत्र हवं असतं, कारण सरकारी नोकरीला ते लागतं. २००१ साली एमकेसीएल उभी राहिली, एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तुमच्यासारख्यांच्या बळावर एक कोटीहून अधिक लोकांनी हा अभ्यासक्रम केला. ज्या घरात कुणी माऊसला हात लावला नव्हता तिथली मुलगी तालुक्याच्या ठिकाणी जाऊन संगणक शिकून आली, हे तुमचं काम आहे आणि ते लहान नाही. मी त्यात भर मागतोय, आणि ती भर घालायला जादा वेळ लागत नाही, अशी माझी खात्री आहे.

या खात्रीला आधार आहे. भवनानी, जॉन आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक राइफ यांनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींना नुसत्या कमांड शिकवल्या, काहींना तेवढ्याच वेळात कमांड आणि रीत दोन्ही शिकवल्या. ज्यांना रीत शिकवली त्यांच्या कमांड कच्च्या राहिल्या नाहीत, आणि काम समोर आल्यावर योग्य रीत त्यांनी निवडली. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. त्यांनी रीतींची जी मांडणी केली तिचा गाभा चार गोष्टींत आहे, की यंत्र पुनरावृत्ती करू शकतं, एक बदल सगळीकडे पोचवू शकतं, माहिती रचून ठेवू शकतं आणि तुम्हाला हवं तेवढंच दाखवू शकतं. वर्ड असो, एक्सेल असो, कॅड असो, या चारच शक्ती फिरून फिरून येतात. म्हणून रीत एका सॉफ्टवेअरमध्ये शिकली की दुसऱ्यातही उपयोगी पडते. मेनू दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि वहीत लिहून घेतलेलं ‘वरून तिसरं निळं बटण’ निकामी होतं. या चार शक्ती तेवढ्या राहतात.

मी वर्गात काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. काम दिलं की पहिली काही मिनिटं माऊसला हात लावू देत नाही. नकाशा समोर ठेवून मुलांनाच विचारतो, यात सारखं काय काय आहे? उद्या काय बदलू शकतं? मुलं सांगतात: खिडक्या, दारं, संडासातली भांडी, मजल्यांचा आराखडा. जिन्याबद्दल नेहमी वाद होतो आणि तो मी होऊ देतो. मग ठरतं की कशाचा ब्लॉक, कशाचं वेगळं लेयर, कुठला मजला दुसऱ्या फाइलमधून जोडून घ्यायचा. त्यानंतर काम सुरू. कमांड त्या ओघात येतात, आणि ज्या कारणासाठी आल्या ते कारण लक्षात राहतं.

तुमच्या वर्गात नकाशे नसतील. ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी घ्या. दर एका चौकटीत लिहा आणि सगळ्या ओळींची सूत्रं त्या चौकटीकडे बघतील अशी करायला लावा. यादी पूर्ण झाली की जाहीर करा, दर बदलला. ज्याने दर प्रत्येक ओळीत हाताने टाकला आहे तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल, शेजारची मुलगी एक आकडा बदलून हात बाजूला घेईल. त्या क्षणी वर्गाला जे कळतं ते तासभर बोलून कळवता येत नाही. तसंच लग्नाच्या आमंत्रणांचं. नावांची यादी एका फाइलीत, पत्राचा मजकूर दुसऱ्या फाइलीत. मेल मर्ज कशासाठी असतं ते तिथे उमगतं.

तपासायची सवयही याच शिक्षणात येते, कारण यंत्रावर काम सोपवलं की चूकही ते सगळीकडे पोचवतं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ हे नामांकित अर्थशास्त्रज्ञ. सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरच्या त्यांच्या २०१० च्या निबंधाचा जगभरच्या धोरणांत दाखला दिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाइल उघडून पाहिली, तर सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटलेल्या होत्या. म्हणून माझ्या मुलांना मी सांगतो, ब्लॉक बदलल्यावर मोजणी करा; प्लॅनमध्ये खिडक्या किती, तक्त्यात किती.

आता कुणी म्हणेल, हल्ली यंत्राला तोंडी सांगितलं तरी ते सूत्र लिहून देतं, मग हे शिकवायचं कशाला? ज्याला दर एका जागी ठेवावा हे सुचत नाही, तो यंत्राकडे ते मागणार कसं? आणि मिळालेलं बरोबर आहे का, हे ओळखणार कसं? मागणाऱ्याला कामाचा घाट दिसावा लागतो. तो घाट तुम्ही दाखवायचा आहे.

परीक्षेबद्दल एक विनंती, ही एमकेसीएल आणि तंत्रशिक्षण मंडळाच्या कानावरही जावी. छापलेलं पान किंवा पडद्यावरचं शेवटचं चित्र बघून गुण दिले, तर एन्टर दाबून पान बदलणारा आणि योग्य रीतीने बदलणारा दोघे सारखेच ठरतात. त्याऐवजी विद्यार्थ्याला त्याचीच आधीच्या आठवड्यात केलेली फाइल परत द्या आणि त्यात दोन बदल सांगा. दहा मिनिटं द्या. काम नीट रचलेलं असेल तर दहा मिनिटं पुरतात. असा एक प्रश्न परीक्षेत आला, तर वर्षभरात सगळे वर्ग त्या दिशेने शिकवू लागतील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

घरपट्टी, किराणा दुकानाची वही, दहावीच्या वर्गाचे गुण, चार मजल्यांचा प्लॅन, असे काही सराव मी मराठीत, युनिकोडमध्ये तयार केले आहेत. प्रत्येकासोबत ‘आता हे बदला’ असा दुसरा कागद आहे, तो मुलांनी पहिलं काम संपवल्यावरच द्यायचा. इंदिरानगरमध्ये माझ्याकडे शिकलेली मुलं सुट्टीला गावी जातात तेव्हा हे सराव पेनड्राइव्हवर सोबत नेतात. त्यांतलं कुणी तुमच्या वर्गाच्या दारात आलं, तर त्याला एक तास द्या. उन्हाळी बॅच सुरू व्हायच्या आधी दिलात तर फारच बरं.

आपला,
एक आरेखक
इंदिरानगर, बेंगळुरू